तीन राण्या, एक सिंहासन: 'थ्री डार्क क्राउन्स' कुणी वाचतंय का?

ओवी

मंडळी, घरात सध्या युद्धपरिस्थिती आहे. थोरली सोळाची, धाकटी तेराची आणि पुस्तकाची प्रत एकच. थोरली क्लासला गेली की धाकटी वाचणार आणि रात्री पोळीचा तुकडा मोडता मोडता साळसूदपणे विचारणार, "ताई, तू अस्वलापर्यंत आलीस का गं?" परवा या प्रश्नावरून आमटीची वाटी कलंडली. मी पुस्तक जप्त केलं. कपाटात ठेवण्याआधी सहज पहिलं पान उघडलं, आणि आता दोन भाग संपवून तिसरा हातात आहे. जप्तीचा माल वापरणारी मी काही पहिलीच नसेन.

मालिका केंडारे ब्लेक या अमेरिकी लेखिकेची. चार कादंबऱ्या. मी त्यांना गॉथिक (गूढ, काळोख्या वळणाची), ऐतिहासिक फँटसी म्हणेन. पहिली २०१६ साली आली, मग दरवर्षी एक, २०१९ला गोष्ट संपली. फेनबर्न नावाचं धुक्याने वेढलेलं बेट. प्रत्येक पिढीत तिथल्या राणीला तिळ्या मुली होतात. मुलींची नावं ठेवून राणी नवऱ्याबरोबर बेट सोडून निघून जाते. मुली सहा वर्षांच्या होईपर्यंत सुईणीपाशी एकत्र वाढतात, मग वेगवेगळी घराणी येऊन एकेकीला घेऊन जातात. सोळावं सरलं की पुढच्या वर्षभरात तिघींनी एकमेकींना मारायचं. उरेल ती राणी.

कॅथरीनला ॲरन घराण्याने नेलंय. हे विषवाले. त्यांच्या हवेलीत तिला लहानपणापासून थोडं थोडं विष चारून 'तयार' करतात. हाडं वर आलेली, हातांवर फोड, त्यावर मोजे चढवून मेजवानीला उभी. पाळलेलं जनावर कोणतं, तर साप. आर्सिनो मासेमारीच्या गावात वाढलेली. तिथल्या लोकांना झाडंझुडपं, पशुपक्षी वश असतात. हिला साधी कळी फुलवता येत नाही. आणि मिराबेला, वारा, पाऊस, वीज, आग हाताशी असलेली. तिच्या पाठीशी अख्खं देऊळ. लग्नाआधीच हार घालून बसवलेली देवी म्हणा ना.

सगळीकडे या मालिकेची ओळख 'एकमेकींच्या जिवावर उठलेल्या बहिणी' अशी करून देतात. मला ते पटत नाही. पहिल्या भागात या तिघी एकमेकींना फारशा भेटतही नाहीत! मिराबेलाला बहिणी आठवतात, स्वप्नात दिसतात, आणि तेच तिचं सगळ्यात मोठं दुखणं. वैर आहे ते ॲरन मंडळींचं आणि देवळाचं. गेल्या तीन पिढ्या राणी विषवाल्यांचीच होत आलीय, ती सत्ता काहींना टिकवायचीय, काहींना पाडायचीय. पोरी म्हणजे झुंजीचे कोंबडे. कोंबड्यांचं आपसात काय वैर असतं? पायाला कात्या बांधणारे वेगळेच असतात.

वाचलेल्यांनी लिहा. पहिल्या भागाबद्दल मोकळेपणी बोलू, पुढच्या भागांचं काही फोडायचं तर आधी सूचना द्या. आणि तेराव्या वर्षी हे वाचू द्यावं का, हेही सांगा. (प्रश्न उशिरा विचारतेय, कळतंय.)

वाळवी

हा धागा माझ्यासाठीच निघालाय! चारही भाग आणि वरचं छोटं पुस्तकही वाचून झालंय. मुली सहा वर्षांच्या असतानाची कथा त्यात आहे. ती शेवटी वाच ओवी, आधी वाचलीस तर रडशील.

एक तक्रार नोंदवते. पहिली शंभर पानं रेटावी लागतात. तीन गावं, तीन घराणी, प्रत्येक घरात डझनभर माणसं, आणि सगळं वर्तमानकाळात. 'ती येते, ती बघते, ती वळते.' मला सुरुवातीला कुणी खेळाचं धावतं वर्णन ऐकवतंय असं वाटत होतं. पण शेवटची पन्नास पानं वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली.

दुसरी तक्रार जोसेफ. बस, एवढंच. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल.

अवांतर: लेखिकेला ही कल्पना मधमाश्यांवरून सुचली. पुस्तकांच्या एका कार्यक्रमाजवळ झाडावर माश्यांचा थवा बसला होता. तिथे आलेल्या एका मधपाळाकडून तिला राणीमाश्या एकमेकींना कशा मारतात ते कळलं. तिने मुलाखतीत सांगितलंय.

राखाडी_मांजर

मस्त धागा. मला आर्सिनो सगळ्यात आवडली. ती विषाची चॉकलेटं खाऊनही तिला काहीच होत नाही आणि बरोबरचे मात्र आजारी पडतात, तिथे मी पुस्तक मिटून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले. म्हणजे ती मुळात…

वाळवी

अगं बाई, थांब!!

राखाडी_मांजर

पहिल्या भागाबद्दल मोकळेपणी बोलू असंच लिहिलंय की वर. माझं काय चुकलं?

ओवी

चुकलं काहीच नाही. पण धाकटी माझ्या खांद्यावरून वाचत होती आणि तिची तेवढी दहा-बारा पानं बाकी होती. आता घरात तिसरी आघाडी उघडली आहे.

तर्कटराव

गॉथिक म्हणा, फँटसी म्हणा, मान्य. पण ही 'ऐतिहासिक' कशी हे मला कुणीतरी समजावा. ना साल, ना देश. मुख्य भूमीवरून येणारी ती वरमंडळी साधारण व्हिक्टोरियन वळणाची वाटतात, तेवढ्यावर इतिहास होत नाही. कोट आणि टोपी घातली की झालं का?

खरोखर इतिहासाला हात घालणारी बहिणींची मालिका हवी असेल तर जेसिका स्पॉट्सवुडची केहिल बहिणींची घ्या. २०१२, २०१३, २०१४ असे तीन भाग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा अमेरिकेतला न्यू इंग्लंड, पण इतिहास वळवलेला. तिथे एके काळी चेटकिणींचं राज्य होतं, ते उलथून धर्मगुरूंच्या 'बंधुसंघा'ने सत्ता घेतली. मुलींनी फार वाचायचं नाही, फार बोलायचं नाही, जरा संशय आला की वेड्यांच्या इस्पितळात रवानगी. केट, मॉरा, टेस या तिघी सख्ख्या बहिणी, तिघी चेटकिणी, आणि भाकीत असं की एक बहीण दुसरीचा जीव घेणार. इथे ओवीताईंचा कोंबड्यांचा सिद्धांत चालत नाही बरं का. केट आणि मॉरा एका छताखाली वाढल्या आहेत. आई गेलेली, वडील कायम बाहेर, थोरलीने आईपण घेतलेलं आणि मधलीला ते खुपतंय. कुणी कात्या बांधलेल्या नाहीत, त्या घरातच उगवल्यात.

ओवी

तर्कटराव, हे आवडलं. पण त्या केहिलांच्या घरातही मॉराला चढवणारी बाई बाहेरूनच येते ना? गव्हर्नेस म्हणून?

तर्कटराव

चढवायला आधी काहीतरी असावं लागतं.

मोहोळवाला

नमस्कार. मी या विभागात कधी फिरकत नाही, पण कुणीतरी मधमाश्या म्हटलं की मला राहवत नाही. कथा-कादंबऱ्यांतलं मला कळत नाही. वाईजवळ माझ्या सातेरी जातीच्या माश्यांच्या पेट्या आहेत, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत शिकलो. तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली. ओवीताईंनी लिहिलंय की राणी मुलींना ठेवून बेट सोडून जाते. हे अगदी पोळ्यातलंच आहे. वसाहत भरली, फुलोरा चांगला असला की माश्या पोळ्याच्या कडेला राणीघरं बांधतात. शेंगदाण्याच्या टरफलासारखी, तोंड खाली. ती बंद होऊ लागली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाते. मागे राहतं घर आणि त्यातल्या न जन्मलेल्या राण्या. म्हणजे जी जाते ती आई असते. लोकांना उलटं वाटतं.

दुसरी. जी राणी पहिली बाहेर येते ती बाकीची राणीघरं शोधते, बाजूने भोक पाडते आणि आतल्या बहिणीला डंख मारते. कामकरी माशीच्या नांगीला काटे असतात, माणसाला चावली की नांगी तिथेच अडकते आणि ती मरते. राणीची नांगी गुळगुळीत असते, ती पुन्हापुन्हा वापरता येते. आणि ती वापरते कुणावर, तर दुसऱ्या राणीवर. आम्ही राणी हातात धरतो, ती आम्हाला चावत नाही.

आता तुमच्या वादाचा मुद्दा. हे सगळं राणीच्या मर्जीवर चालत नाही. बाहेर आलेली राणी पंखांचे स्नायू थरथरवून आवाज काढते, पिपाणी वाजवल्यासारखा. घरात बंद असलेल्या बहिणी आतून उत्तर देतात, तो आवाज जाडसर, बदकासारखा. रात्री पेटीला कान लावला तर ऐकू येतं. आणि कामकरी माश्या काय करतात? वसाहत अजून मोठी असेल तर आतल्यांना बाहेर येऊ देत नाहीत. घराचं झाकण पुन्हा मेणाने बंद करतात, फटीतून खायला घालतात. पहिलीला त्यांच्यापर्यंत पोचू देत नाहीत. ती आणखी काही माश्या घेऊन उडून गेली की मग पुढची सुटते. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली पेट्यांत कंपनं मोजून हेच दाखवलं. कुणी कधी सुटायचं, कुणाला कुणाशी लढू द्यायचं, हे कामकरी माश्या ठरवतात. राणी नाव नुसतं.

अजून एक राहिलं. राणीचं अंडं आणि कामकरीचं अंडं वेगळं नसतं. अळीला काय चारलं यावर ठरतं. रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्या स्वतः तयार करतात ते खाद्य, सुरुवातीला सगळ्याच अळ्यांना मिळते, राणी करायची तिला शेवटपर्यंत तीच. युरोपातल्या मेलिफेरा माशीची राणी १६ दिवसांत तयार होते, कामकरीला २१ लागतात. तुमच्या मुली १६ वर्षांच्या होतात ना? बाईंनी अभ्यास केलेला दिसतोय.

ओवी

काका, दंडवत! 'फटीतून खायला घालतात आणि झाकण बंद करतात.' अहो, हीच तर ॲरनांची हवेली. कोंबड्यांची उपमा मागे घेते, माश्याच बऱ्या.

वाळवी

वाचनखूण साठवली. मोहोळवाले काका, तुम्ही या विभागात रोज येत जा.

सोळा_पूर्ण

मी ओवीची थोरली. आईने आयडी काढून दिलाय, एकदाच लिहिणार आहे.

काकांची माहिती भारी आहे, पण आई त्यावर लगेच उड्या मारतेय ते चूक आहे. माश्यांत जे चाराल ते होतं. पुस्तकात बरोब्बर उलटं आहे. राखाडी_मांजर यांनी फोडलंच आहे म्हणून लिहिते. कॅथरीनला दहा वर्षं विष चारलं आणि ती विषवाली झाली नाही. नुसती आजारी पडली. आर्सिनोला कुणी कधी विष दिलं नाही आणि तीच खरी विषवाली निघाली. दोघींची अदलाबदल झालेली. म्हणजे चारण्याने काही होत नाही हेच तर लेखिका सांगतेय! मोठ्या माणसांना वाटतं आपण पोरांना घडवतो.

आणि आई म्हणते कॅथरीन बिचारी. पहिल्या भागात असेल. दुसऱ्या भागापासून (सूचना दिली हं) ती जे करते ते ती स्वतः करते. तिला कुणीतरी दरीत ढकललं, ती परत आली, ठीक. पण सगळ्याचं खापर घराण्यावर फोडलं तर ती पुस्तकात उरतेच कशाला? मला ती आवडते कारण ती वाईट आहे.

ओवी

घरी बोलू.

तर्कटराव

सोळा_पूर्ण यांच्या मुद्द्याला +१. ओवीताई, घरी काय बोललात ते इथेही येऊ द्या.

काढा_चिकित्सक

औषधनिर्माणशास्त्राची माणूस आहे, त्यामुळे विषाच्या पानांवर माझी पेन्सिल चालली. थोडं थोडं विष घेऊन अंगी मुरवायची कल्पना फार जुनी. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा मिथ्रिडेटीस असं करायचा म्हणतात. शेवटी पराभवानंतर विष घेतलं तर लागू पडेना, मग पहारेकऱ्याच्या तलवारीने सुटका करून घेतली. आपल्याकडे 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातली विषकन्या आहेच. नंदांचा अमात्य राक्षस याने ती चंद्रगुप्तासाठी पाठवली आणि चाणक्याने ती चंद्रगुप्ताच्या साथीदार राजाकडे, पर्वतकाकडे वळवली. तिथेही तिला कुणी विचारलं नव्हतं.

खरं काय, तर विषाविषावर आहे. सापाचं विष प्रथिनांचं असतं, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. परळच्या हाफकिन संस्थेने तयार केलेली सर्पदंशावरची लस याच तत्त्वावर आहे. घोड्यांना वाढत्या मात्रेने विष टोचायचं आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवायचं. पण बचनाग, धोतरा किंवा सोमल (आर्सेनिक) यांच्याविरुद्ध अशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. सोमल तर अंगात साचत जातो. त्वचा जाड होते, काळे डाग पडतात, नसा मरतात. त्यामुळे कॅथरीनचे फोड, अशक्तपणा, उलट्या हे मला या मालिकेतलं सगळ्यात वास्तव चित्रण वाटलं. तिच्या जागी कुणीही असंच दिसेल. जादू आर्सिनोकडे आहे, कॅथरीनकडे नुसता रोग आहे.

सोळा_पूर्ण, चारण्याने काही होत नाही असं मात्र म्हणू नकोस गं. जे व्हायला हवं होतं ते झालं नाही इतकंच. झालं बरंच काही.

सोळा_पूर्ण

एकदाच लिहिणार होते पण हे मान्य.

ओसरीवरून

तर्कटरावांना इतिहास हवा होता, म्हणून थोडा देते. मेरी आणि एलिझाबेथ, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दोघी मुली, आया वेगळ्या. मेरी कॅथलिक, एलिझाबेथ प्रोटेस्टंट. १५५३ साली मेरी राणी झाली. पुढच्याच वर्षी तिच्याविरुद्ध वायटचं बंड झालं आणि बंडखोरांना गादीवर एलिझाबेथ हवी होती असा संशय आला. त्याच फेब्रुवारीत लेडी जेन ग्रेचं डोकं उडवलं. ती विशीतही पोचली नव्हती, नऊ दिवसांची राणी, तीही दुसऱ्यांनी बसवलेली. मार्चमध्ये एलिझाबेथला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकलं. दोन महिने. तिच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही म्हणून वाचली, आणि १५५८ला मेरी गेल्यावर तीच राणी झाली.

मला या कथेतला सगळ्यात गॉथिक भाग पुढचा वाटतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दोघी एकाच थडग्यात आहेत. एलिझाबेथनंतर गादीवर आलेल्या जेम्सने ते बांधलं, १६०६ साली तिची शवपेटी मेरीच्या पेटीवर ठेवली. वर संगमरवरी पुतळा फक्त एलिझाबेथचा. मेरीचं अस्तित्व पायथ्याच्या लॅटिन ओळींपुरतं. राज्यात आणि थडग्यात सोबतिणी असलेल्या आम्ही दोघी बहिणी इथे निजलो आहोत, अशा अर्थाच्या त्या ओळी आहेत. लंडनला भाच्याकडे गेले होते तेव्हा तिथे उभी राहिले. माझ्यामागे एक बाई मुलीला विचारत होती, "मग दुसरी कुठेय?"

भावांचं बघायचं तर तुर्कस्तान. सुलतान तिसऱ्या मेहमेदने १५९५ साली गादीवर येताच १९ भाऊ मारवले. फेनबर्नवाले त्यापुढे संथ.

राखाडी_मांजर

'मग दुसरी कुठेय?' हे डोक्यातून जाणार नाही आता.

गोदाकाठ

बहिणींचं वैर शोधायला एवढ्या लांब कशाला जाता? महाभारताचं आदिपर्व उघडा. कद्रू आणि विनता. दोघी बहिणी, दोघींचा नवरा एकच, कश्यप. कद्रूने हजार पुत्र मागितले, विनताने दोनच, पण तुझ्या हजारांपेक्षा सरस असे. वैर इथेच, मागण्यातच आहे. कद्रूची अंडी आधी फुटली, साप बाहेर आले. विनताला दम निघेना. तिने आपलं एक अंडं वेळेआधी फोडलं. आत अर्धवट घडलेला अरुण. तो आईलाच शाप देऊन गेला, तू बहिणीची दासी होशील. मग ती उच्चैःश्रवा घोड्याची शेपटी पांढरी की काळी, याची पैज. कद्रूने पोरांना सांगितलं, केस होऊन शेपटीला लटका, काळी दिसू दे. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना सर्पसत्रात, म्हणजे सापांच्या यज्ञात, जळून मरायचा शाप. स्वतःच्या पोटच्या पोरांना! बहिणीला हरवायचं म्हणून!

ओवीताई, इथे ना घराणं, ना देऊळ, ना कामकरी माश्या. तुमचा सिद्धांत आदिपर्वात टिकत नाही.

आणि हो, विषाची, म्हणजे सापांची आई ही कद्रूच आहे हेही लक्षात घ्या. कॅथरीनने साप पाळलाय म्हणता ना.

ओवी

गोदाकाठ, दोन दिवस या प्रतिसादावर विचार केला. पैज दोघींचीच, खरं आहे. पण विनता दासी झाल्यावर कद्रूच्या पोरांना पाठीवर कोण वाहतं? गरुड. अमृत आणायला कोण जातं? गरुड. शापाने जळतं कोण? साप. आयांनी लावलेली पैज पोरं फेडत बसतात. मला वाटतं मी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं होतं. वैर कुणाचं यापेक्षा ते फेडतं कोण, हे मला या मालिकेत खुपलं होतं. राणी निघून जाते ना बेट सोडून, नवऱ्याबरोबर, मागे वळून न बघता? तिच्यावर कुणी काही बोलतच नाही. मीही पहिल्या पोस्टमध्ये ते एका ओळीत उरकलं.

घरी काय बोललो ते: थोरली म्हणाली, "तू जप्त करून स्वतः वाचलंस, म्हणजे भांडण आमचं आणि फायदा तुझा." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पालकसभा

मूळ प्रश्नाचं काय झालं? तेरा वर्षांच्या मुलीला द्यावं का? मी माझ्या मुलीला दिलं नाही. छळ आहे, मारामाऱ्या आहेत, प्राण्यांचं मरणही आहे. पहिल्या भागात एक प्रसंग शारीरिक जवळिकीचाही आहे, उघडं वर्णन नसलं तरी. मुलं समजूतदार असतात वगैरे ठीक, पण घाई कसली आहे?

ओवी

तुमचं चूक नाही. आमच्याकडे वेळ निघून गेली होती. मी धाकटीला विचारलं, भीती कशाची वाटली? मला वाटलं अस्वल म्हणेल, नाहीतर ते विषारी जेवण. ती म्हणाली, "सहा वर्षांच्या असताना त्यांना न्यायला आले तो भाग. मिराबेलाला आठवतं आणि बाकीच्या दोघी विसरतात." मग विचारते, "ताई हॉस्टेलला गेली तर विसरेल का?"

मोहोळवाला

पुस्तक मागवलं आणि चाळीस पानं झाली. नावं फार आहेत, वहीत तक्ता केलाय. एक चूक काढतो. पोळ्यात पहिली राणी बाहेर आली की बाकीच्यांना तिचा आवाज तरी ऐकू येतो. इथे पोरींना दहा वर्षं एकमेकींचा आवाजही ऐकू दिलेला नाही. माश्या इतक्या वाईट नसतात.

सोळा_पूर्ण

तिसरा भाग कुणाकडे आहे का? आमचा घरात सापडत नाहीये. आईकडे नाही. धाकटी म्हणते तिला माहीत नाही, पण ती हसतेय.

वाळवी

माझ्याकडे आहे. पुण्यात असाल तर घेऊन जा, पण मधल्या काही पानांवर चहा सांडलाय.